सायनस, म्हणे

डागकाकांच्या दुकानात कपडे टाकायला येणारं गिऱ्हाईक जरा दबकूनच पायरी चढायचं. कपडा हातात आला की काका त्याची घडी मोडत, दाराकडच्या उजेडात धरत आणि डागावर बोट ठेवून विचारत, "हा कशाचा?"

"चहाचा," गिऱ्हाईक म्हणे.

"पाठीवर?"

मग गिऱ्हाईक खुलासा करू लागे. बसमध्ये गर्दी होती, मागच्या माणसाच्या हातात कप होता, ड्रायव्हरने ब्रेक मारला. काका सगळं ऐकून घेत, मान डोलावत आणि कपड्याला टाचायच्या चिठ्ठीवर लिहीत: 'चहा (म्हणे)'.

डाग ओळखण्यात काकांचा हात धरणारा कुणी नाही, असा गल्लीत बोलबाला होता, आणि तो बराचसा काकांनीच पसरवलेला होता. खरं सांगायचं तर त्यांचे अंदाज निम्म्या वेळा चुकत. पण आपल्या शर्टावरचा डाग खरोखरच चहाचा आहे हे भर दुकानात सिद्ध करत बसायला वेळ कुणाला असतो? लोक हसून निघून जात. काका म्हणत, बघा, पकडला गेला म्हणून सटकला.

दुकान म्हणजे एकामागे एक अशा दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, इस्त्रीचं टेबल आणि छताखालच्या दांडीला टांगलेले कपडे. मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं, भिजवायचे टब आणि वाळवणाच्या तारा. पुढची खोली काकांची, मागची त्यांच्या मेहुण्याची. मेहुणा म्हणजे काकूंच्या पाठचा भाऊ. काकांच्या लग्नानंतर लगेचच तो दुकानात आला, मागच्या खोलीत शिरला आणि तिथलाच झाला. बोलणं इतकं कमी की काकांनी त्याला मौनी म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे काकूही सख्ख्या भावाला त्याच नावाने हाक मारू लागल्या. नाकासमोर बघून चालणारा माणूस. एरवी न बोलणाऱ्या माणसाचा काकांना पहिला संशय येई, पण मौनीच्या धुलाईत खोट काढायला त्यांना कधी जागाच सापडली नव्हती. काकांचा जगात कुणावर पुरता विश्वास असेल तर तो मौनीवर होता, आणि मौनीचा काकांच्या नाकावर.

कारण कपडा वाळून पुढे आला की इस्त्रीआधी काका तो नाकाशी धरत. साबण नीट निघाला नसेल, वाळवण कच्चं राहिलं असेल, तर त्यांना लगेच कळे. "मागे घे," एवढंच ते म्हणत. मौनी एक शब्द न बोलता कपडा परत धुवायला नेई. त्या दुकानात नाकाचा निकाल शेवटचा असे.

या नाकाला एकच दुखणं होतं आणि त्याला काका 'माझा सायनस' म्हणत. डावा गाल जड व्हायचा, इस्त्रीसाठी वाकलं की डोळ्याखाली ठणका लागायचा, घशात मागून काहीतरी घट्ट उतरत राहायचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी फार पूर्वी कधीतरी गालावर दोन बोटं आपटून "सायनस" म्हटलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, वाफ घ्या म्हणून सांगितलं होतं. गोळ्यांनी काही दिवस बरं वाटे, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पुढे पुढे तर काका दवाखान्याच्या दारातूनच सांगत, "डॉक्टर, सायनस," आणि डॉक्टर मान वर न करता त्याच गोळ्या लिहीत. काका त्या दुखण्याबद्दल घरातल्या जुन्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं बोलत. आज सायनसची तब्येत बरी नाही. आज सायनस गप्प आहे. गिऱ्हाइकाच्या चहावर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाने त्या एका शब्दापुढे मात्र कधी 'म्हणे' लावलं नाही.

वास पहिल्यांदा आला तो एका लोकरीच्या कोटाला. मौनीने कोट आणून ठेवला, काकांनी तो नाकाशी धरला आणि झटकन लांब केला. कुबट वास होता. कोपऱ्यात विसरलेल्या ओल्या गोणपाटाचा असतो तसा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी सडलेलं.

"मागे घे."

मौनीने कोट परत धुतला. वास तसाच. पुन्हा धुतला. काकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तोच वास चादरींना होता, तिसऱ्या दिवशी पडद्यांना. मौनीने टब घासले, तारा पुसल्या, साबण बदलला, यंत्राची नळी काढून उन्हात टाकली. काका कपडा नाकाशी धरत आणि म्हणत, "मागे घे."

आता यात एक गोष्ट कुणाच्याही लक्षात यायला हवी होती, की हा वास मौनीला येत नव्हता, काकूंना येत नव्हता आणि ज्यांचे कपडे होते त्यांनाही येत नव्हता. काकांच्या ती लक्षात आली, पण त्यांनी तिचा अर्थ आपल्या स्वभावाप्रमाणे लावला. सगळे लपवतायत. म्हणून ते गिऱ्हाइकांना खोदून खोदून विचारू लागले. कपडे हातात देताना म्हणत, "जरा हुंगून बघा. कुबट वास येतो का?"

धुलाईवालाच असं विचारतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकाने काय करावं? बिचारं हुंगे. वास येत नसे, पण मनात पाल चुकचुके. घरी जाऊन ते बायकोला हुंगायला लावी, बायको शेजारणीला सांगे, की अहो, तिथं कपड्यांना वास येतो, तो म्हातारा स्वतःच कबूल करतो. हां हां म्हणता छताखालची दांडी रिकामी दिसू लागली. त्याच सुमाराला रस्त्याच्या टोकाला काचेच्या मोठ्या दाराचं नवं धुलाईचं दुकान उघडलं होतं. काकांनी दोन आणि दोनची बेरीज केली. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि मग त्यांनी मौनीला पाहिलं. दुपारची वेळ होती. काका समोरच्या फुटपाथवरून बटणांच्या दुकानाकडे चालले होते. मौनी बगलेत एक बोचकं घेऊन त्या काचेच्या दारातून आत गेला. आत काउंटरवर त्याने बोचकं सोडलं. तिथल्या दोघा-तिघांनी त्यातले कपडे उचलून बघितले, आपसात काही बोलले. मौनी ऐकत उभा होता.

काका बटणं न घेताच परतले. दुकान बंद करायच्या वेळी त्यांनी मेहुण्याला पुढच्या खोलीत बोलावलं.

"कुठं गेला होतास दुपारी?"

मौनी ओले हात पंच्याला पुसत उभा राहिला.

"आपली गिऱ्हाइकं तिकडं नेऊन पोचवतोयस? आधी इथं कपडे कुजवायचे, मग तिकडं जाऊन चांगलं व्हायचं. मला कळत नाही असं वाटतं तुला?"

"भाऊजी," मौनी म्हणाला, "तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"मला वाटत नाही. मला वास येतो."

मौनीने खिशातून मागच्या दाराची किल्ली काढली, इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि पायरी उतरून गेला. काकूंना ते रात्रीच्या जेवणाला कळलं. त्या ताटावरून उठल्या नाहीत, रडल्या नाहीत, फक्त एवढंच म्हणाल्या, "धुतल्या तांदळासारखा माणूस आहे तो. तुम्हाला सगळं आयुष्य पुरलं नाही ते कळायला." त्यानंतर त्यांचं नवऱ्याशी बोलणं कामापुरतं उरलं.

मागची खोली आता काकाच सांभाळू लागले. पाणी स्वतः बदलत, कपडे स्वतः पिळत, तारेवर स्वतः घालत. त्यांच्या नाकी नऊ आले. आणि वास होताच. उलट वाढला होता. तरीही ते काकूंना म्हणाले, "जाताना काहीतरी करून गेलाय."

काकू कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. ते बोलणं उत्तर देण्याच्या लायकीचं नव्हतंच.

त्याच दिवसांत मुलगी माहेरी आली, पहिलं बाळ घेऊन. काकांना नात व्हायची फार हौस होती. हातपाय धुऊन, स्वच्छ पंचा अंगावर घेऊन ते खुर्चीत बसले, आणि मुलीने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. नुकतंच न्हाऊ घातलेलं, डोक्यावर मऊ जावळ. काकांनी मान खाली वाकवून टाळूवर नाक टेकवलं.

तोच वास होता.

त्यांनी झटकन मान मागे घेतली. मुलीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय झालं बाबा?"

"हिला नीट न्हाऊ घातलंय ना? म्हणजे मानेच्या वळ्यांत वगैरे..."

मुलीचा चेहरा उतरला. तिने बाळाला उचललं, त्याचं डोकं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि रडायला लागली. "मी नीटच घालते हो. सगळं नीट करते."

काकू दारात उभ्या होत्या. "झालं?" त्या म्हणाल्या. "आता तिलाही सोडलं नाहीत. तीही जाऊन मिळाली का काचेच्या दुकानाला?"

काका खुर्चीत बसून राहिले. त्यांना भीती वाटली, आणि ही भीती संशयापेक्षा वेगळी होती. बाळाच्या टाळूला गोणपाटाचा वास येत नाही. हे जगात कुणालाही माहीत असतं. म्हणजे कोट, चादरी, पडदे, मौनी... त्यांनी अंगठ्याने डावी नाकपुडी दाबून श्वास घेतला. वास नाही. अंगठा काढला. वास आला. पुन्हा दाबली. गेला. इतक्या लोकांची झडती घेतली, पण स्वतःच्या नाकाची घ्यायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

इथून पुढची गोष्ट सरळ असायला हवी होती, पण डॉक्टरकडे जाऊन आजार कळणं म्हणजे काउंटरवर कपडा टाकण्याइतकं सोपं नसतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना काकांनी वासाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सायनसच. जरा जोरात आहे," आणि जास्त जोराच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू होत्या तोवर वास थोडा दबला, संपल्या तसा परतला. मग दातांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी वरची डावी दाढ ठोकून पाहिली, तिच्या मुळात पूर्वी कधीतरी मसाला भरलेला होता, म्हणाले, घाण इथूनच येणार. दाढ काढली. वास राहिला. काका आरशात त्या खड्ड्याकडे बघत आणि त्यांना मौनी आठवे. तीही बहुधा काही न करता गेली होती.

तिसरे डॉक्टर मोठे होते, त्यांच्याकडे बसायला गादीच्या खुर्च्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "इतर कुणालाही हा वास येत नाही?"

"नाही."

"घरात काही ताण?"

"हेच आहेत," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी भास असा शब्द वापरला, झोपेच्या गोळ्या लिहिल्या. बाहेर पडल्यावर काका रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एकाला विचारावं तर सायनस, दुसऱ्याला विचारावं तर दाढ, तिसऱ्याला विचारावं तर डोकं. जो तो आपल्या दुकानातला माल दाखवत होता. काकांनी तिघांवरही संशय घेतला आणि या एका वेळी त्यांचा संशय योग्य होता.

शेवटी काकूच त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्याच असतील. काका सवयीप्रमाणे दारातूनच म्हणाले, "सायनस आहे."

"मलाही आहे," बाई म्हणाल्या. "बसा. सायनस सगळ्यांनाच असतो, काका. चेहऱ्याच्या हाडात पोकळ्या असतात, त्यांचं ते नाव आहे. तुमच्या पोकळीत काय झालंय ते सांगा."

काका बसले. इतकी वर्षं ज्याला आजार म्हणून पोसलं तो नुसता एका खोलीचा पत्ता निघाला होता, आणि खोलीत कोण राहतंय हे कुणी दार उघडून बघितलंच नव्हतं.

बाईंनी खूप प्रश्न विचारले. वास कधीपासून, पाणी कोणत्या रंगाचं, साखरेचा त्रास आहे का. मग विचारलं, "उजवीकडे कधी झालंय? एकदा तरी?"

काकांनी आठवून पाहिलं. "कधीच नाही. डावीकडेच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर्दीने, ॲलर्जीने होतं ते बहुतेक दोन्हीकडे होतं. वर्षानुवर्षं एकाच बाजूला होत असेल तर आम्ही संशय घ्यायलाच पाहिजे. हे आधी कुणी विचारलं नाही?"

संशय घ्यायलाच पाहिजे, असं काकांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. त्यांना बाई आवडल्या.

स्कॅन झाला. पडद्यावर स्वतःच्या कवटीचं चित्र बघताना काकांनी आधी हे चित्र दुसऱ्याच कुणाचं नाही ना अशी शंका काढली. काढलेल्या दाढेची रिकामी जागा दिसली तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. उजव्या गालाची पोकळी काळी, म्हणजे मोकळी होती. डावी पांढुरकी, गच्च भरलेली, आणि मधोमध चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके.

"हा बुरशीचा गोळा असावा असा मला संशय आहे," बाई म्हणाल्या.

काकूंनी खुर्चीचा हात धरला. "बुरशी? ती काळी? डोळा काढावा लागतो ती?"

"ती वेगळी. अंगातली ताकद संपलेल्या माणसाला ती गाठते आणि काही दिवसांत हाडं-मांस खात पसरते. तिच्यासाठी आम्हाला धावावं लागतं. ही आळशी. बंद खोलीत गोळा होऊन बसते, भिंतीला हात लावत नाही. श्वासातून आपण सगळेच बुरशी आत घेतो, बहुतेकांची बाहेर जाते. यांची दाढेतल्या जुन्या मसाल्याच्या आधाराने बसली असेल कदाचित. गोळ्यांनी वरवरचा पू कमी व्हायचा, गोळा तिथंच." बाई थांबल्या. "पण दुसरंही काही असू शकतं. गाठही असू शकते. काढून, तपासायला पाठवल्यावरच सांगेन."

"म्हणजे तुमची खात्री नाही," काका म्हणाले.

"नाही. संशय आहे, म्हणून तर तपासायचं. तपासल्याशिवाय निकाल दिला तर तो संशयच राहतो ना?"

बाई हे सहज बोलल्या आणि पुढचा कागद भरू लागल्या. काकांना मात्र ते तोंडात मारल्यासारखं लागलं. बोचक्यात काय होतं, हे त्यांनी मौनीला विचारलं नव्हतं. बोचकं सोडून बघितलंही नव्हतं. दुपारी पाहिलं आणि संध्याकाळी निकाल दिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते काकूंना म्हणाले, "गाठ निघाली तर मौनीला कळवशील?"

"तुम्हीच कळवा."

"बोलेल तो माझ्याशी?"

"तो कुणाशी बोलतो?" काकू म्हणाल्या. मग बऱ्याच दिवसांनी त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. त्यांनाही भीती वाटत होती.

गाठ निघाली नाही. नाकपुडीतूनच दुर्बीण घालून बाईंनी ती पोकळी उघडली आणि आतून जे काढलं ते ओल्या मातीच्या ढेकळांसारखं होतं, तपकिरी, भुसभुशीत. तपासणीत बुरशीच निघाली. भिंतीत कुठेही शिरलेली नव्हती. औषधाची गरज नाही, बाई म्हणाल्या, रोज मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचं, बस्स. काकूंना हसू आलं. जन्मभर लोकांचे कपडे धुतले, आता नाक धुवायची पाळी आली.

सूज ओसरली तशी एका सकाळी काकांनी दुकान उघडलं आणि दारातच थांबले. साबणाचा वास येत होता. गरम सुताचा, लाकडी टेबलाचा, जुन्या इस्त्रीखालच्या करपलेल्या घोंगडीचा. सडलेलं काही नव्हतं. कधीच नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि त्यांना रडू आलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पायरी चढलं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

दुपारी ते रस्त्याच्या टोकाला गेले. मौनी आता त्या काचेच्या दुकानातच कामाला होता. काकांनीच त्याला तिकडे ढकललं होतं. काउंटरवरच्या बाईला त्यांनी त्याचं वर्णन सांगितलं.

"ते होय," बाई हसून म्हणाली. "माणूस चांगला आहे हो, काम एकदम स्वच्छ. पण आमच्या डोक्याला ताप. प्रत्येक कपडा आम्हाला हुंगायला लावतात. वास येतो का, वास येतो का. नाही म्हटलं तरी पटत नाही."

आतल्या दारातून मौनी आला. वाळला होता.

"बुरशी होती," काका म्हणाले. "माझ्या नाकात. कपड्यांना काही नव्हतं. तुझं काही चुकलं नव्हतं, चुकलो मी."

मौनीने मान डोलावली. "ताईने कळवलं होतं."

"त्या दिवशी त्या बोचक्यात काय होतं?"

"आपल्याच चादरी. म्हटलं दुसऱ्या कुणाच्या तरी नाकाला विचारून बघावं."

"मग?"

"सगळे म्हणाले, वास नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

मौनीने त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तुम्ही वास येतो म्हणत होतात ना, भाऊजी."

काकांनी खिशातून मागच्या दाराची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. मौनीने ती लगेच उचलली नाही. पण पुढच्या आठवड्यात तो आला. आला, मागच्या खोलीत शिरला, बाह्या वर केल्या आणि टब घासायला घेतला. काकूंनी त्या दिवशी त्याच्यासाठी डबा भरून स्वतः आणला. हळूहळू दांडीवर कपडे दिसू लागले. चिठ्ठीवर काका आता नुसतं 'चहा' लिहीत. डाग पाठीवर असला तरी.

नाक दाखवायला ते डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा बाईंनी दुर्बिणीतून आत बघून समाधान व्यक्त केलं. "एकदम मोकळं आहे. तो वास पुन्हा आला?"

"मला नाही येत," काका म्हणाले. "मेहुण्याला येतो."

"मग त्यांनाही घेऊन या. बघते मी."

"त्याचं नाक चांगलं आहे, डॉक्टर. ते मी बिघडवलं. दुर्बिणीतून नाही दिसायचं."

बाईंना ते नीट कळलं नाही. त्यांनी मिठाचं पाणी चालू ठेवायला सांगितलं.

काका दुकानात परतले तेव्हा मागच्या खोलीत उन्हाची तिरीप आली होती. मौनी तारेवरची वाळलेली चादर हातात घेऊन उभा होता. त्याने ती नाकाशी धरली, लांब केली, पुन्हा धरली.

"भाऊजी, जरा बघता का?"

काकांनी चादर घेतली. दोन्ही नाकपुड्यांनी सावकाश, मनापासून श्वास घेतला. ऊन आणि साबण, दुसरं काही नव्हतं.

"वास नाही," काका म्हणाले. "स्वच्छ आहे. एकदम स्वच्छ."

मौनीने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि चादर परत टबात भिजत घातली.